महेशचा डावा तळहात

चहा गार होण्यापूर्वी सांगून टाकतो. गार चहा आणि लांबलेली गोष्ट, दोन्ही मला वर्ज्य आहेत. त्यातून ही गोष्ट माझ्याच फजितीची. आपली फजिती माणसाने थोडक्यात सांगावी. लांबवली की तिच्यात आपलेच कौतुक शिरते.

प्रकरण एका चित्रपटाचे आहे.

गेल्या श्रावणात आमच्या पूर्णेत जो तो त्याच चित्रपटाविषयी बोलत होता. जगात एकटा पडलेला एक तरुण. त्याला कोणी विचारत नाही. तो सोसतो, सोसतो, आणि एके दिवशी त्याचे डोके फिरते. त्यानंतर पडद्यावर फक्त रक्त. माझे जुने विद्यार्थी तो पुन्हा पुन्हा पाहून येत आणि चौकात त्यातल्या मारामाऱ्या करून दाखवीत. त्यांतल्या काहींना मी नागरिकशास्त्र शिकवले आहे.

श्रावणी सोमवारी आमच्या शिवमंदिरात मी चार शब्द बोलतो. मी ठरवले, या वेळी हाच विषय: असल्या चित्रपटांनी तरुणांची मने कशी बिघडतात.

हे मी गुरलिंगअप्पाला सांगितले. गुरलिंगअप्पा माझा बालमित्र. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचे किराणा दुकान आहे.

"पिच्चर बघितला का तुमी, गुरुजी?" त्याने विचारले.

"असले मी पाहत नाही."

"मग मन बिघडतंय, ते कसं कळलं?"

"ते न पाहताही कळते."

"बरं झालं सांगितलं. उद्यापासून मी बी डाळ न निवडताच विकतो."

न पाहता निंदा करणे हे असत्याच्या फार जवळ जाते. तेव्हा परभणीला जाऊन तो चित्रपट पाहणे हे माझे कर्तव्य ठरले. घरी मी "परभणीला काम आहे" इतकेच सांगितले. आमच्या घरात कामापुरतेच बोलावे, अशी माझी शिस्त आहे.

आता अडचण कपाळावरच्या भस्माची. भस्म पुसणे योग्य नाही, आणि भस्म लावून त्या जागी बसणे त्याहून योग्य नाही. म्हणून मी कानटोपी घातली.

"बाबा, हिव वाजायलंय का?" तिकीट फाडणाऱ्याने विचारले. बाहेर माणसे घामाने निथळत होती.

"वाजते आहे," मी म्हणालो. एक असत्य टाळायला निघालो होतो. दारातच दुसरे पदरी पडले.

चित्रपटातला तरुण माडीवरच्या एका खोलीत राहत होता. कोणाशी बोलत नव्हता. बापाने दिलेले घड्याळ कोणीतरी हिसकावून घेतले होते, म्हणून तो दाराकडे पाठ करून बसे आणि आपल्या रिकाम्या तळहाताकडे टक लावून पाही. पुढे एके दिवशी कोणीतरी त्याला न विचारता त्याच्या चहात साखर घालते, आणि तेवढ्यावरून त्याचा तोल जातो. मध्यंतरात मी उठणार होतो. परंतु अर्धवट माहितीवर बोलू नये. शिवाय शेजारचा माणूस गेल्यामुळे मधली खुर्ची रिकामी झाली होती आणि तिथून चांगले दिसत होते.

परतताना गाडीत एकच विचार डोक्यात होता. माडीवरची खोली. न बोलणारा तरुण. हे मी कुठे पाहिले आहे?

माझ्याच घरी.

माझ्या बहिणीचा मुलगा महेश आमच्या माडीवर राहतो. बहीण चुडाव्याला असते. मुलगा रेल्वेत लागला तेव्हा तिने तो माझ्या स्वाधीन केला. त्याचे लग्न जमवणेही माझ्याकडेच. आधीची स्थळे जमता जमता फिसकटली होती. आता जिंतूरच्या शिवअप्पांची मुलगी सांगून आली होती आणि महेशच्या ती मनात भरली होती. सोमवारी शिवअप्पा घर पाहायला येऊन शब्द देणार होते. हेही मोडले असते तर बहिणीला मी काय तोंड दाखवले असते?

महेशविषयी माझी एकच तक्रार होती. आम्ही इष्टलिंग धारण करणारे. लिंग गळ्यात असावे. स्नान झाले की ते डाव्या तळहातावर घ्यावे आणि त्यावर दृष्टी स्थिर करून बसावे. लहानपणापासून माझा हा क्रम चुकलेला नाही. महेशचे लिंग मात्र पेटीत असे. त्यावरून मी त्याला इतके बोललो होतो की शेवटी मीच कंटाळलो.

घरी आलो तो महेश जेवायला बसला होता. मी विचारले, "कसं काय?" त्याने नुसती मान हलवली. मामीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, चहा पुढे केला. महेशने तो हाताने परत सारला.

मी हळूच विचारले, "साखर घातली होतीस का?"

"चहात साखर न्हाई तर काय मीठ घालू?" ती म्हणाली.

तो केव्हापासून बोलत नव्हता, हे मला आठवेना. आमच्या शिस्तीत कोण बोलत नाही हे चटकन कळत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो पंच्यात काहीतरी गुंडाळून बाहेर गेला. परत आल्यावर त्याने ती वस्तू खाटेखाली सरकवली. तो स्नानाला गेला असता मी वाकून पाहिले. काठीला बांधलेला धारदार विळा. मग तो वर आला, दार लोटले. मी फटीतून डोळा लावला. महेश दाराकडे पाठ करून बसला होता आणि डावा हात पुढे धरून आपल्या तळहाताकडे टक लावून पाहत होता.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, त्याच सकाळी तुम्ही स्वतः तसेच बसला होता ना? होतो. पण मला त्या क्षणी ते आठवले नाही. मला चित्रपट आठवला.

घरातली विळी, चाकू, अडकित्ता, सगळे मी गव्हाच्या कोठीत पुरले.

"विळी कुठं गेली?" सौभाग्यवतीने विचारले.

"मी ठेवली आहे."

"कशाला?"

"सांगण्याची वेळ आलेली नाही."

त्या दिवसापासून आमच्याकडे फक्त गवार होऊ लागली. गवार हाताने मोडता येते.

आता शिवअप्पांना अडवणे भाग होते. मी जिंतूरला फोन लावला.

"सोमवारी येऊ नका," मी म्हणालो.

"का बरं? पोरगं बेस हाय ना?"

"तो घरात कोणाशी बोलत नाही."

"चांगलंच हाय की. आमच्या घरात समदे बोलतेतच."

"चहासुद्धा सोडला आहे. खोलीत दार लावून आपल्या तळहाताकडे पाहत बसतो."

मग शिवअप्पांनी विचारले, "कोणत्या?"

"डाव्या."

"मग तर मी येणारच," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला त्या गृहस्थांची कीव आली. मुलीचा बाप, आणि इतका भाबडा. आपणहून संकटात पाय ठेवायला निघाला आहे.

सोमवारी सकाळी मी गुरलिंगअप्पाला बोलावून सगळे सांगितले. तो दुकानातून सोयाबीनचे रिकामे पोते घेऊन आला.

"हे डोक्यावरून टाकू," तो म्हणाला. "बैल बी असाच धरतेत. दिसंना झालं की शांत होतंय."

माझ्या हाती लाटणे होते. बाकी हत्यारे कोठीत होती आणि ती मीच इतकी खोल पुरली होती की मला सापडेनात.

आम्ही जिना चढलो. दार लोटलेलेच होते. महेश तसाच बसला होता: पाठ इकडे, डावा हात पुढे. मी मोठ्याने म्हणालो, "महेश, जगात तुला कोणी नाही असे समजू नकोस. मामा आहे." आणि पोते टाकले.

पोते त्याला कमरेपर्यंत आले. तो ओरडला नाही, उठला नाही. पोत्याबाहेर फक्त त्याचा डावा हात राहिला, जराही न हललेला. त्या तळहातावर इष्टलिंग होते. लिंगावर ताजे बेलाचे पान होते. बेल काठीच्या विळ्याने काढावा लागतो, हेही मला तेव्हाच आठवले.

मी लाटण्यासकट हात जोडले. दुसरे काय करणार?

"गुरुजी," मागून आवाज आला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर शिवअप्पा उभे होते, आणि त्यांच्यामागे सौभाग्यवती. "पोरगं पूजेला बसलंय, आन तुमी त्याला पोत्यात भरायलाव?"

गुरलिंगअप्पाने पोते उचलले आणि ते जणू आपले नव्हेच अशा रीतीने जिन्याकडे सरकवले.

"श्रावणभर मौन धरलंय त्यानं," सौभाग्यवती म्हणाली. "ड्यूटीवर बोलतो, घरात न्हाई. हे स्थळ जमावं म्हणून. चहा बी त्यासाठीच सोडला."

"मला कोणी सांगितले नाही," मी म्हणालो.

"तुमी विचारलं न्हाई. कामापुरतंच बोलायचं ना आपल्या घरात?"

शिवअप्पांनी महेशकडे पाहिले, मग बराच वेळ माझ्याकडे. "पोरगा मला पसंत हाय. पण लेक द्यायची ती घर बघून. मामाला हे असं कवापासून होतंय? घराण्यात आनखी कोणाला हाय का?"

महेश माझ्याकडे पाहत होता. मौन मोडले तर व्रत जाणार, आणि न बोलला तर मुलगी. माझ्या लक्षात आले की आता बोलायचे ते मलाच आहे, आणि कामापुरते बोलून भागणार नाही.

"घराण्यात कोणाला काही नाही," मी म्हणालो. "हे चित्रपटामुळे झाले."

"कोणी बघितला पिच्चर? पोरानं?"

"नाही. मी."

"समदा?" गुरलिंगअप्पाने विचारले.

"संपूर्ण. कानटोपी घालून."

शिवअप्पा आधी खाली बसले, मग हसू लागले. सौभाग्यवती पदर तोंडाला लावून जिना उतरून गेली. महेशने लिंग मस्तकाला लावले, वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातले, आणि मग त्याचे खांदे हलू लागले. मौनात हसता येते, हे मला तेव्हा कळले.

"म्हंजे घराण्याचं न्हाई, पिच्चरचं हाय," शिवअप्पा डोळे पुसत म्हणाले. "मग काय चिंता न्हाई. उतरंल हळूहळू. साखर आणा."

साखरेचे नाव निघताच मी दचकून महेशकडे पाहिले. अजून उतरले नव्हते.

त्या संध्याकाळी मंदिरात मी ठरल्याप्रमाणे बोलायला उभा राहिलो. असल्या चित्रपटांनी तरुणांची मने बिघडतात, हे मी ठामपणे सांगितले. "दाखला द्या, गुरुजी," गुरलिंगअप्पा पुढच्या रांगेतून म्हणाला. समोर चौकातले सगळे तरुण बसले होते. त्यांनी तो चित्रपट पाठ होईपर्यंत पाहिला होता, आणि त्यांच्यापैकी कोणी कोणाला पोत्यात घातले नव्हते.

तेव्हा विधानात मी एक दुरुस्ती केली. त्यातला 'तरुणांची' हा शब्द मागे घेतला.