मोटारीची खांदमळणी

तापीकाठच्या उन्हानं माणूस काळा पडतो आणि रबर पांढरं पडतं. हे मला वडिलांनी मोटार घेतली तेव्हा कळलं. एकोणीसशे साठच्या आगेमागे सारंगखेड्याच्या आसपासच्या आमच्या गावात मोटार अशी एकच होती, आमची. सुरतेकडच्या एका नातेवाइकानं वापरून सोडलेली, काळी, दार लावताना दोनदा आपटावं लागणारी. आमचं मूळ तिकडचंच, त्यामुळे घरात गुजरी बोलणं, गावात अहिराणी आणि मोटारीशी मात्र माझं मोडकंतोडकं इंग्रजी, कारण तिच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. कॉलेजचं एक वर्ष करून परत आलेला मी. घरात कुणालाच ती वाचता येत नसल्यामुळे मोटार आपोआप माझ्याकडे आली आणि मी शेफारलो.

इंजिनातलं मला काही कळत नव्हतं. पण रबर डोळ्यांना दिसायचं. चाकांच्या बाजूंना बारीक भेगा, दारांभोवतीच्या पट्ट्या वाळून कडक, पुढच्या काचेभोवतीचं रबर कोपऱ्यात उचललेलं. एवढं तरी आपल्याला सांभाळता आलंच पाहिजे, असं मी मनाशी घेतलं. नंदुरबारला जाईन तेव्हा दहा जणांना विचारायचो आणि दहा उत्तरं घेऊन यायचो. सायकलवाला म्हणे, संगजिऱ्याची पूड चोळा, रबर चिकटणार नाही. औषधाच्या दुकानातला म्हणे, ग्लिसरीन न्या. मालट्रकचा एक ड्रायव्हर माझ्या तोंडाकडे बघून हसला. म्हणाला, डिझेलचा फडका मारायचा, कसं चकचकीत दिसतं बघा. पुस्तिकेत साबणपाणी लिहिलं होतं, पण साबणपाण्यासाठी कॉलेज कशाला शिकावं लागतं! मला चकाकी हवी होती. शेवटी एका दुकानात काळ्या पातळ पॉलिशची बाटली मिळाली. रबराला नवं करतं, दुकानदार म्हणाला. बूच उघडलं की घासलेटाचा वास यायचा. मी तो मनावर घेतला नाही, कारण पहिल्याच हातानं चाकं अशी काळीभोर दिसायला लागली की गल्लीतली माणसं थांबून बघत होती.

आमच्याकडे एक सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, म्हसावदकडचा. वीस वर्षं तरी तो आमच्याकडे होता. वडिलांहून मोठा, पण त्याला अहो-जाहो करायची आमच्यात रीत नव्हती. मी त्याला बाबा म्हणायचो आणि एकेरीत बोलायचो, तसंच इथे लिहितो. मोटार येण्याआधी आमच्या घरची दमणी तो हाकायचा. पाहुण्यांना आणायचं, बायकांना माहेरी पोचवायचं, बाजार करायचा, सगळं त्याच्या हातचं. दमणीची बैलजोडी त्यानं लहानाची मोठी केली होती. मोटार आली त्याच वर्षी त्यातला एक बैल म्हातारा होऊन गेला आणि दुसरा वडिलांनी विकला. बाबाच्या हातात कासरा होता तिथे आता मोटार पुसायचा फडका आला. तो कुरकुरला नाही. सकाळी बादली घेऊन यायचा, मोटारीभोवती एक फेरी मारायचा आणि मगच पाणी घालायचा. बैलांना पाणी पाजण्याआधी तो असाच हात फिरवत एक फेरी घालायचा, हे माझ्या तेव्हा लक्षातसुद्धा आलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे तेल-हळदीनं चोळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. त्या वर्षी नांगराच्या बैलांचं झाल्यावर बाबा एरंडेलाची वाटी घेऊन मोटारीपाशी गेला, मांडी घालून बसला आणि चारही चाकं एकेक करून चोळू लागला. बैलांच्या खांद्यांना लावून उरलेलं तेल शिंगांना पुसतात. त्यानं उरलेलं तेल दारांच्या रबरी पट्ट्यांना पुसलं. घरातल्या बायका ओट्यावर येऊन पदर तोंडाला लावून हसत होत्या. वडीलही हसले आणि म्हणाले, "अरे, हाई काय करी ऱ्हायना तू?"

"हाई बी आपलं वझं वाहस ना, मालक," बाबा म्हणाला. "मंग हिना पायस्ले तेल नको?"

वडिलांनी त्याला थांबवलं नाही. मीही हसलो, पण मनात चिडलो होतो. मी केलेल्या चकाकीवर या म्हाताऱ्यानं हळदीचे डाग पाडले, म्हणून. दुसऱ्या दिवशी मी ते पुसून त्यावर पुन्हा माझं काळं पॉलिश लावलं. मग महिन्यातून दोनदा लावायला लागलो. पट्ट्यांना तर जास्तच, कारण त्या पिऊन टाकायच्या.

चैत्रात बहिणीचं लग्न ठरत आलं. होणारे व्याही नंदुरबारच्या स्टेशनवर उतरणार होते आणि त्यांना मोटारीनं आणायचं, असा वडिलांचा हट्ट. मीच गेलो. ऊन रणरणत होतं. परतीला व्याही माझ्या शेजारी दाराला टेकून बसले होते. आमच्या दारात मोटार थांबली, ते उतरले आणि दाराची रबरी पट्टी त्यांच्याबरोबर उतरली. तिचा डिंक झाला होता. पांढऱ्या स्वच्छ धोतरावर कमरेपासून गुडघ्यापर्यंत काळा चिकट पट्टा, आणि हातभर लोंबतं रबर. बिचारे चांगले होते, हसण्यावारी नेत होते. आईनं घाईघाईनं वडिलांचं धोतर आणून दिलं. वडिलांचा चेहरा मात्र काळवंडला.

पाहुणे जेवून गेले आणि वडिलांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"कोनी काय लायं रे हाई रबरले?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाला. "मी लायं व्हतं, मालक. पोयाले. एरंडेल."

मला सगळं कळत होतं. त्या पट्टीला घासलेटाचा वास येत होता, माझ्या हातालाही येत होता. पोळ्याला एकदा लावलेलं चमचाभर तेल कुठलं आणि महिन्यातून दोनदा ओतलेली माझी बाटली कुठली! पण मोटारीची किल्ली माझ्या खिशात होती, आणि ती माझ्याकडून जाईल या भीतीपुढे मला दुसरं काही दिसेना. मी पुस्तिका आणली, पान उघडून बोट ठेवलं आणि वडिलांना म्हणालो, "यात लिहिलंय, रबराला तेल चालत नाही."

तसं लिहिलेलं होतंही. कोणतं तेल, ते पुढच्या ओळीत होतं. ती ओळ मी वाचली नाही, तेव्हाही नाही आणि त्याआधीही नाही.

बाबानं माझ्या बोटाखालच्या त्या अक्षरांकडे बघितलं. त्याला मराठीही वाचता येत नव्हतं. पण छापलेलं होतं, म्हणजे खरं असणार. त्यानं मान खाली घातली. वडील एवढंच म्हणाले, "आखाजी झाई की तू तुन्हं देखी ले."

आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला भरतं. मालकानं पुढच्या सालाचं विचारलं की सालदार राहतो, नाही विचारलं की गाठोडं बांधतो. वीस वर्षं वडिलांनी विचारलं होतं, किंवा खरं म्हणजे विचारायची वेळच आली नव्हती, ते धरूनच चाललेलं असायचं. त्या आखाजीला अंगणात झोके बांधले होते, माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. बाबा आमच्याकडे पोटभर जेवला, वडिलांच्या पाया पडला, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि शहाद्याच्या रस्त्याला लागला. जाताना मला म्हणाला, "भाऊ, तिले सावलीम्हा बांधत जा." मोटारीला सावलीत बांधायला सांगत होता तो! मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती बाटली तापीत फेकून आलो आणि घरी येऊन जेवलो. त्या जेवणाची मला अजून लाज वाटते.

पुढची तीन वर्षं मी मोटार चालवली. साबणपाण्यानं धुवायचो, संगजिऱ्याची पूड लावायचो, आणि रबराला काही झालं नाही. एकदा ब्रेक लागेनात म्हणून ती नंदुरबारला मिस्त्रीकडे नेली. त्यानं ब्रेकचं तेल काढलं, बोटांवर चोळून दाखवलं आणि सहज म्हणाला, "यात निम्मं एरंडेलच असतंय शेठ. आत सगळं रबर आहे ना, दुसरं तेल त्याला खातं. एरंडेल खात नाही." मी तिथल्या तिथे पुस्तिका काढून ती पुढची ओळ वाचली. खनिज तेल, घासलेट, पेट्रोल लावू नये. गरज पडल्यास एरंडेल वापरावं. कितीतरी वेळ मी मिस्त्रीच्या बाकावर बसून होतो. त्याला वाटलं, मला ऊन लागलंय. त्यानं पाणी आणून दिलं.

तरीही निघायला मला चार महिने लागले. वडिलांना मी काही सांगितलं नाही. शेवटी पोळ्याच्या आदल्या दिवशी मोटार काढली आणि म्हसावदच्या पुढे बाबाचं खेडं विचारत गेलो. संध्याकाळ होत आली होती. त्याच्या घरापुढे एक बैलजोडी उभी होती, त्याच्या मुलानं वाट्यानं केलेल्या शेतीची. सून बैलांचे खांदे चोळत होती. बाईमाणसाला हे काम करताना मी पहिल्यांदाच बघत होतो. बाबा लांब दगडावर बसला होता, हात काखेत धरून. खूप वाळला होता.

मला बघून तो उठला. चहा झाला. मी विचारलं, "बाबा, तू का नाही मळत खांदे?"

"मन्हा हातनं तेल बाधस, भाऊ," तो म्हणाला. "तुम्हनी मोटार गयी. मुकं जनावर शे, त्याले कसाले बाधाडू?" दारात घरची जोडी असताना, वीस वर्षं जनावरांत हात घातलेला माणूस तीन पोळे असा लांब बसला होता.

मी सगळं सांगितलं. बाटली, घासलेट, मिस्त्री, पुढची ओळ. सांगताना रडलोही. पुस्तिका काढून बोट ठेवलं, जसं तेव्हा ठेवलं होतं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि नुकत्याच शेतावरून आलेल्या मुलाकडे वळून कौतुकानं म्हणाला, "देखं? मन्हं मन राखाले भाऊ आठलगून उनात."

त्याचं मन राखायला मी इथवर आलो, एवढंच तो समजला होता. मी सुनेच्या हातातून एरंडेलाची वाटी घेतली, मोटारीपाशी गेलो आणि पुढच्या चाकाला तेल चोळायला लागलो, म्हटलं, याला डोळ्यांनी तरी पटेल. एक चाक झालं, दुसरं झालं. तेवढ्यात तो धावत आला, म्हातारा माणूस, अक्षरशः धावत.

"नको भाऊ, नको! खराब व्हई जाई!"

त्यानं माझ्या हातातली वाटी काढून लांब ठेवली, डोक्याचा फेटा सोडला आणि माझ्या समोर मातीत बसून फेट्याच्या टोकानं चाक पुसायला लागला. मी त्याचा हात धरला, तो त्यानं हळूच सोडवला. दोन्ही चाकं कोरडी केल्याशिवाय त्यानं मला जाऊ दिलं नाही.