राखेत अडकलेला मामा आणि पासलीचं लग्न

विमानतळावरच्या फलकावर आमच्या विमानापुढे 'रद्द' आलं, तेव्हा मी रांगेत सगळ्यांत पुढे होते. मी कायमच असते. नवरा म्हणतो, हिला रांगेत मागे उभं केलं तर हिला ताप येईल. पुण्याहून थेट दुबई, एकटीची सहल, सगळं आखून तयार. आणि नेमका तिकडे इथिओपियात एक डोंगर फुटला. त्याची राख वाऱ्याबरोबर अरबस्तानावरून आपल्याकडे सरकत होती आणि अशा राखेतून विमान नेलं तर इंजिन बंद पडायची भीती. दुबईहून येणारं विमान तिथून निघालंच नाही, आणि परत जाताना तेच मला नेणार होतं. भांडायची तयारी होती, पण भांडायचं कुणाशी?

बॅग ओढत बाहेर आले तर प्रवासी बाहेर येतात त्या दारापाशी टोपीवाले एक गृहस्थ सुरक्षारक्षकाला विचारत होते, "व्हय साहेब, पर इमान येणार कवा? उद्या लगीन हाय!" मी मूळची भोरची. ही बोली कानावर पडली की माझे पाय आपोआप तिकडे वळतात.

ते बबनराव, वेल्ह्याच्या पुढे पासली आहे तिथले. उद्या त्यांच्या मुलीचं, अश्विनीचं लग्न. तिचा एकुलता एक मामा अंकुश दुबईत नोकरीला, तो याच विमानाने येणार होता. आमच्याकडे नवरीला पिवळी साडी मामाची, पाटापर्यंत तिला आणतो मामा आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच.

"पोरीला फोन लावला," बबनराव म्हणाले, "तर म्हणती, मामा आल्याबिगर म्या पाटावर चढायची न्हाई. लई हट्टी हाय. तुमचं बी इमान गेलं का?"

"गेलं नाही, आलंच नाही."

"मग मोकळ्याच हायसा की! चला लग्नाला. जीपमदी मेव्हण्याची जागा रिकामीच जायाचीय."

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "पासपोर्ट लागतो का पासलीला?" मी बॅग जीपमध्ये टाकली.

जाणाऱ्यांसाठी: सातारा रस्त्याने खेड शिवापूरचा टोल ओलांडला की नसरापूर फाट्याला उजवीकडे वळायचं. पेट्रोल तिथेच भरून घ्या, आणि मिसळही तिथेच खा. आम्हाला सत्तर रुपयांत रस्सा मागू तितका मिळाला. मार्गासनीपर्यंत रस्ता झकास आहे, वेल्ह्यापर्यंत बरा. पुढे तोरणा मागे पडतो आणि वळणं सुरू होतात. स्वारगेटहून वेल्ह्याला एसटी आहे, पण पुढे तिच्या भरवशावर राहू नका. तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं, भात कापून झालेला, खाचरांत नुसते सड उभे आणि खळ्यांवर झोडणी चाललेली. दुबईतल्या उंच इमारतीवरून मला काय दिसलं असतं माहीत नाही, पण हे पाहताना मला तिची आठवणही आली नाही.

वेल्ह्याच्या पुढे मोबाईलचा भरवसा नाही, म्हणून बबनरावांनी तिथेच जीप थांबवून सासुरवाडीला, हिर्डोशीला, फोन लावले. आईच्या माहेरचा कुणीही पुरुष मामाच्या जागी चालतो, त्यामुळे मार्ग साधा होता. पण पहिला फोन "अंकुश येत न्हाई, मामा म्हणून तुमी या," एवढं बोलून तुटला. ऐकू गेलं की नाही कळेना, म्हणून दुसऱ्याला लावला. तोही तुटला. मग तिसऱ्याला, असं करत सातव्यापर्यंत.

"एक जरी आला तरी भागलं," ते म्हणाले.

पासलीत राखेची बातमी आमच्याआधी पोचली होती. बबनरावांची चुलती भाताच्या राशीवर ताडपत्री ओढत होती. मी मोठ्या आत्मविश्वासाने तिला समजावलं, की राख आभाळात फार वर आहे, इथे पडणार नाही.

"न्हाई पडली तर ग्वाड," म्हातारी म्हणाली. "पर दुसरं टोक धर की जरा." मी धरलं.

अश्विनीला हळद लागली होती, पण चेहरा उतरलेला. भोरला कॉलेजात जाताना ती मामाकडेच राहिली, पोहायलाही त्यानेच शिकवलं. "तो तिथं विमानतळावर बाकड्यावर बसून असंल," ती मला म्हणाली, "आणि मी हितं नटून हुबी राहू?"

दुसऱ्या दिवशी नवरदेवाचं वऱ्हाड किकवीहून वेळेत आलं आणि पाठोपाठ हिर्डोशीचे मामा येऊ लागले. रस्त्याने यायचं तर भोर, कापूरहोळ, नसरापूर असा भलामोठा वळसा. एक मोटरसायकलवर, दोघे टेम्पोत, एक दुधाच्या गाडीतून. तुटलेला प्रत्येक फोन नीट ऐकू गेला होता, आणि ज्याला त्याला वाटलं, आपल्यालाच बोलावलंय. सात फेटे, सात पिवळ्या साड्या!

मग जुंपली. कोण वयाने मोठा, कोण चुलत, कुणाला फोन आधी. भटजी घड्याळ बघताहेत, किकवीचे पाहुणे गंमत बघताहेत, आणि नवरीने आतून कडी लावलेली. बबनराव माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, डोंगर फुटला तिकडं आन् तुकडं पडलं हितं."

सातांतले सर्वांत थोरले तुकाराम नाना दारापाशी गेले.

"पोरी, आमी अंकुशच्या जागी न्हाई आलो," ते म्हणाले. "त्येच्या दोन्ही बाजूंना हुबं ऱ्हायाला आलोय. मदली जागा त्येचीच. तिथं कुणी पाय ठेवणार न्हाई."

मग कडी निघाली.

मंगलाष्टकं झाली तेव्हा अश्विनीच्या मागे एका बाजूला चार फेटे होते, दुसऱ्या बाजूला तीन आणि मधे माणूसभर मोकळी जागा. लहान मुलंसुद्धा त्या जागेत शिरली नाहीत. मी रडले, आणि ते लपवायचं काही कारण मला दिसलं नाही. नंतर पंगतीत घरचा भात, आमटी आणि बुंदी यांवर भरपूर ताव मारला.

पुण्याला घरी आले. बॅग तशीच भरलेली, कारण दुबईचे कपडे पासलीत घालण्यासारखे नव्हतेच. पैसे परत हवेत की नवी तारीख, असा विमान कंपनीचा निरोप आला होता. मी विचारच करत होते तेवढ्यात बबनरावांचा फोन आला.

"ताई, उद्या सकाळी इमान येतंय. तुमी बी याच."

परत जाताना याच विमानात मला नव्या तारखेची जागा मिळत होती. मी पैसे परत मागितले आणि हातात नुसती पर्स घेऊन विमानतळावर गेले. किकवीहून अश्विनी आणि तिचा नवरा आले होते. मामा ट्रॉली ढकलत, दाढी वाढलेल्या अवताराने बाहेर आला. त्याला बघून अश्विनी धावत जाईल असं मला वाटलं होतं. तिने डोक्यावर पदर घेतला आणि त्याच्याकडे पाठ करून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"मामा," मागे न बघता ती म्हणाली, "तुझी जागा रिकामीच ठेवलीय."

त्याने ट्रॉली सोडली आणि तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला. बबनरावांनी खिशातून पुडी काढली. लग्नातल्या अक्षता त्यांनी राखून ठेवल्या होत्या. चिमूटभर मला दिल्या, आणि हटकायला आलेल्या रक्षकालाही दिल्या.