मागं उभा राहणारा

जिवंतपणीच आपल्या थडग्याचा दगड घडवून ठेवायची डॅन्यूब नदीकाठच्या, रोमन फौजेतल्या निवृत्तांच्या त्या वस्तीत रीतच होती. म्हातारा कापितोही बायकोला घेऊन बातो पाथरवटाकडं आला. सोबतीला त्याच्या तुकडीतला जुना शिपाई, मेसोर.

"नावाखाली 'ऑप्टिओ' कोरायचं, चांगलं ठळक," अद्नामतानं बजावलं. नवऱ्याच्या पदाचा तिला भारी तोरा. ऑप्टिओ म्हणजे निवडलेला. पूर्वी शतनायक आपल्या मर्जीनं आपला हाताखालचा माणूस निवडायचा, त्यावरून हे नाव पडलं, हे ती पाणवठ्यावर येणाऱ्या प्रत्येकीला ऐकवून चुकली होती.

बातो म्हणाला, पद कोरायचं तर चित्रात लांब काठीही हवी. लढाईत शतनायक पुढं, ऑप्टिओ रांगेच्या मागं. कुणी पाय मागं घेतला की काठीनं रेटून पुन्हा जागेवर.

कापितोला मात्र दुसरंच आठवलं. मागच्याच्या मागं कुणी नसतं. रानातल्या त्या झटापटीत नदीपलीकडच्या टोळ्या चालून आल्या, तेव्हा तो एकेक पाऊल सरकत थेट खंदकात जाऊन बसला होता, काठी पोटाशी धरून. शतनायक पडला, रांग मात्र हलली नाही. कौतुक कापितोच्या पदरात पडलं. आपल्याला कुणी पाहिलं नाही, या भरवशावर त्यानं उरलेला जन्म काढला.

बातोनं मेसोरला विचारलं, "तुमी तर रांगेत व्हता. कसं दिसायचं हे?"

मेसोर दगडाकडंच बघत राहिला. "शतनायक पडला तशी पोरं कच खाया लागली. मागं बघ म्हनाली. म्या बघितलं. मग वरडून सांगितलं, ऑप्टिओ हाय मागं, काठी घिऊन उभा हाय. हलू नगा."

"आन् व्हतेच की," अद्नामता म्हणाली.

मेसोर दगडावरची धूळ झटकू लागला. दर सणाला याच मेसोरनं 'घ्या ऑप्टिओ' म्हणत कापितोचा पेला सगळ्यांआधी भरला होता. ते सगळे घोट आता कापितोच्या घशाशी आले.

"काठी कोरू नगंस," तो बातोला म्हणाला. "पद बी नगं. मेसोरच्या दगडावर काय हाय?"

"'शिपाई'."

कापितोनं तोंड उघडलं, पण तेवढाही शब्द मागायची छाती होईना. "निस्तं नाव कोर."

अद्नामतानं नवऱ्याकडं बघितलं, मग मेसोरकडं. एरवी तरातरा पुढं चालणारी ती, परतताना दोघांच्या मागून आली. कापितोला वळून बघवेना.