उत्तर आलं नाही तर पुन्हा विचार

लखनौला आल्यावर पहिली दोन वर्षं मला काम नव्हतं. नवऱ्याला इथल्या एका संशोधन संस्थेत जागा मिळाली, मी पुण्यातली नोकरी सोडली आणि रिकाम्या दुपारी एक लायब्ररी लिहायला घेतली. पुस्तकांची नव्हे, कोडची. एखादं अ‍ॅप दूरच्या सर्व्हरला काही विचारतं, तेव्हा प्रश्न नीट मांडायचा, उत्तर समजून घ्यायचं, चूक आली तर सांभाळायची, ही हमाली प्रत्येक प्रोग्रामरला नव्याने करावी लागते. माझी लायब्ररी ती करून द्यायची. ओपन सोर्स असल्यामुळे कुणीही ती घ्यावी, वापरावी, बदलावी.

तिच्यातल्या एका सोयीचा मला फार अभिमान होता. सर्व्हरकडून काही सेकंदांत उत्तर आलं नाही, तर तोच प्रश्न ती आपणहून पुन्हा पाठवायची. नेटवर्क डळमळीत असलं तरी काम अडायचं नाही.

मग कुणा अनोळखी माणसाने लायब्ररीच्या पानावर तक्रार लिहिली. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही असं नसतं, तो म्हणत होता. कधी काम होऊन जातं, फक्त उत्तर वाटेत हरवतं, आणि मग तुमची लायब्ररी तेच काम दुसऱ्यांदा करते. ही सोय मुळात बंद ठेवा, ज्याला हवी तो चालू करेल.

त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे मला वाचतानाच कळलं होतं. पण त्या आठवड्यात माझी लेक तापाने पडलेली, तक्रारींचा ढीग साचलेला. मी लिहिलं, 'हे माहितीत दिलेलं आहे. नको असेल त्याने बंद करावं.' आणि तक्रार निकालात काढली. त्याने उलट काही लिहिलं नाही.

वर्षभराने एका मुलीचा मेल आला. लायब्ररीच्या पानावर माझं गाव लखनौ लिहिलेलं होतं, ते तिने पाहिलं होतं. चारबागजवळच्या एका हॉटेलात आम्ही दुपारी भेटलो. ती एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर होती आणि एका डायलिसिस सेंटरचं अ‍ॅप तिने माझी लायब्ररी वापरून केलं होतं. त्यात एक बटन होतं, ठरलेली वेळ पुढच्या मोकळ्या वेळेवर ढकलायचं. एका वयस्क पेशंटने मंगळवारची वेळ पुढे ढकलली. सर्व्हरने बुधवार दिला, तसा मेसेजही गेला, पण अ‍ॅपला उत्तर पोचायला उशीर झाला. लायब्ररीने पुन्हा विचारलं. सर्व्हरने बुधवारचा गुरुवार केला आणि दुसरा मेसेज पाठवला. पहिला मेसेज वाचून त्यांनी फोन ठेवून दिला होता. बुधवारी गेले तर यादीत नाव नाही, मशीन रिकामं नाही. घरी परतले आणि संध्याकाळपर्यंत त्यांना श्वास घेता येईना. तीन दिवस आयसीयूत होते.

"मैम, डिफ़ॉल्ट था, तो लगा ठीक ही होगा," ती म्हणाली. डिफ़ॉल्ट म्हणजे मी मुळातच चालू ठेवलेली ती सोय. चहाला तिने हात लावला नव्हता.

मी त्या पेशंटना भेटायला जायचं ठरवलं. नवरा म्हणाला, "तू कशाला जातेस? लायब्ररीच्या परवान्यात स्पष्ट लिहिलंय, कसलीच हमी नाही म्हणून."

"ते वकिलांसाठी आहे," मी म्हटलं.

"आणि जाऊन सांगणार काय?"

मी त्या मुलीला फोन करून त्यांचा पत्ता विचारला, तीही सोबत येते म्हणाली.

सरोजिनी नगरात त्यांचं घर होतं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, पलंगावर उशीला टेकून बसलेले. बायकोने आम्हाला पाणी दिलं. मी जमेल तितक्या सोप्या हिंदीत सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आपको पता था कि ऐसा हो सकता है?"

नाही म्हणणं सोपं होतं. शेजारी बसलेल्या मुलीलाही ती जुनी तक्रार माहीत नव्हती.

"हाँ," मी म्हणाले. "किसी ने बताया था। मैंने अनसुना कर दिया।"

मुलीने माझ्याकडे वळून पाहिलं. ते मात्र दुसऱ्याच विचारात होते. "मतलब, बटन हमने एक ही बार दबाया था?"

"एक ही बार।"

त्यांनी बायकोला जवळ बोलावलं आणि मला म्हणाले, "अब इनके सामने कहिए।"

तेव्हा कळलं की दवाखान्यातून आल्यापासून घरात सगळे त्यांनाच बोल लावत होते. बटन दोनदा दाबलंत, आता तुम्हाला काही लक्षात राहत नाही. मुलाने फोन काढून घेतला होता. आणि हळूहळू त्यांचीही खात्री पटत चालली होती की आपलं डोकं चालेनासं झालंय.

मी बायकोसमोर पुन्हा सांगितलं. मग मुलाला फोन लावला, त्यालाही सांगितलं. "अच्छा" म्हणून त्याने फोन ठेवला. बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. निघताना दारापर्यंतही आली नाही, आणि ते बरोबरच होतं.

रिक्षात ती मुलगी म्हणाली, "आपने मुझे पहले क्यों नहीं बताया?"

त्या आठवड्यात मी ती सोय मुळात बंद ठेवली आणि कारण लिहिलं. तिच्यावर विसंबलेल्यांची अ‍ॅप्स अडखळली. कुणी मला बेजबाबदार म्हटलं, कुणी लायब्ररी सोडून गेलं. जुनी तक्रार पुन्हा उघडून मी त्या माणसाची माफी मागितली. त्याचं उत्तर आलेलं नाही.

मुलीने सेंटरचं अ‍ॅपही दुरुस्त केलं. पण ते गृहस्थ आता ते वापरत नाहीत, असं तिने मागे कळवलं. डायलिसिसच्या आदल्या दिवशी बायको स्वतः सेंटरवर जाते, रजिस्टरमध्ये नाव बघते आणि वेळ कागदावर लिहून घेते.