बिनवासाचं टर्पेंटाइन

माझ्या सासऱ्यांनी सगळा जन्म एका सरकारी शाळेत चित्रकला शिकवण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर पेरुंगुडीच्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत त्यांनी ईझल उभा केला आणि मनासारखी तैलचित्रं काढायला घेतली. त्या खोलीला, तिच्या पडद्यांना, तिथे वाळत घातलेल्या टॉवेलांनासुद्धा टर्पेंटाइनचा वास असायचा. मला तो आवडायचा.

मी कोल्हापूरची. रसायनशास्त्राची पदवी घेऊन लग्नानंतर चेन्नईला आले आणि गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका छोट्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. सासरे तंजावरकडच्या मराठी घरातले. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तिच्यात मधूनमधून तामिळ. पहिलं वर्षभर मला ती निम्मीच कळायची. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणते. ते माझ्या कामाला ‘डब्यातला रंग’ म्हणायचे. त्यात हिणवणं नव्हतं, पण कौतुकही नव्हतं. दारं-खिडक्या रंगवणारा रंग वेगळा आणि चित्राचा रंग वेगळा, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

तेव्हा ते त्यांच्या शाळेतल्या स्वयंपाकीणबाईंचं चित्र काढत होते. मुलांचं दुपारचं जेवण रांधण्यात त्या बाईंचं सगळं आयुष्य गेलं होतं. मुलं त्यांना ‘आया’ म्हणत, म्हणजे तामिळमध्ये आजी. शाळेच्या सभागृहात जुन्या मुख्याध्यापकांची चित्रं ओळीने लावलेली आहेत. मामांनी शाळेला कळवलं होतं, की आयांचं चित्र मी काढून देतो, पण ते त्याच ओळीत लागलं पाहिजे. बरीच कुरकुर झाली आणि शेवटी शाळा कबूल झाली. आया दर शनिवारी आमच्याकडे येऊन दोन तास खुर्चीत बसत. चेहरा पुरा झाला होता. मांडीवर ठेवलेले हात तेवढे राहिले होते.

आणि मामांचेच हात बिघडले. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, मग कातडी लाल होऊन चिरली. आमटी-भात कालवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्वचेच्या डॉक्टरबाईंनी त्यांच्या पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी त्या काढल्या, तेव्हा एकाच पट्टीखाली लालबुंद चट्टा उठला होता. टर्पेंटाइनच्या.

“यापुढे याला हात लावायचा नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “नुसत्या वाफेनेही त्रास होईल.”

घरी आल्यावर मामांनी ब्रश धुतले, पुसले आणि कपाटात ठेवले. ईझलवर जुनी चादर टाकली. शनिवारी आया आल्या तेव्हा त्यांना कॉफी दिली आणि म्हणाले, “तब्येत बरी नाही, नंतर बघू.” आयांनी चादरीकडे पाहिलं, कॉफी संपवली आणि त्या निघून गेल्या.

मला त्या आठवड्यात चैन पडेना. आमच्या कारखान्यात ज्याला आम्ही टर्पेंटाइन म्हणतो ते मुळात टर्पेंटाइन नव्हेच. खरं टर्पेंटाइन चीड वृक्षाच्या चिकापासून काढतात. आमच्याकडे पिंपांतून येतं ते मिनरल टर्पेंटाइन, खनिज तेलापासून काढलेलं. रंग पातळ करायचं काम तेच करतं, पण झाडाच्या चिकातले जे अंश मामांच्या कातडीला सोसत नव्हते ते त्यात नसतात. साधं मिनरल टर्पेंटाइन फार उग्र असतं. मात्र त्यातले उग्र घटक काढून टाकलेला, जवळजवळ बिनवासाचा एक प्रकारही मिळतो, आणि त्याचा नमुना आमच्या प्रयोगशाळेत होता. कारखान्याच्या मालकांना विचारून मी त्यातलं लिटरभर घरी आणलं. आणण्याआधी डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, हातमोजे घालायचे, खोली उघडी ठेवायची, आणि थोडं जरी खाजलं तरी थांबायचं.

मामांनी बाटली उघडून हुंगली.

“हें काय गे? ग्रिलच्या रंगांत घालतात तें?”

“त्याचंच शुद्ध केलेलं भावंड, मामा.”

“पेट्रोलच तें. त्यानें चित्र काढायचें?”

मी फिल्टर पेपरवर त्याचा एक थेंब टाकला. तासाभराने कागद कोरडा झाला. डाग नाही, तेलकटपणा नाही. मामांनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “सरी, बरें. बघूं.”

आणि पहिल्याच फेरीत मी तोंडावर आपटले. मामा रंगात मिसळायचं द्रावण स्वतः बनवायचे: जवसाचं तेल, राळ आणि टर्पेंटाइन. राळेचे पिवळे खडे त्यांनी नेहमीसारखे फडक्यात बांधून माझ्या द्रवात सोडले. दुसऱ्या दिवशी बरणीत गढूळ द्रव होता आणि तळाशी चिकट गोळा. मामा हसले नाहीत, उलट मलाच समजावू लागले, “परवाइल्लै गे, असूं दे.” ते समजावणंच मला जास्त लागलं. ही राळ खऱ्या टर्पेंटाइनमध्ये विरघळते, शुद्ध केलेल्या खनिज द्रवात विरघळत नाही, हे मी शिकलेले होते. पण घाईत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेतच बसून राहिले. राळ नको तर तिच्या जागी काय? उत्तर माझ्या समोरच्या फळीवर होतं. आमच्या डब्यातल्या रंगात अल्किड घालतात, तेलापासूनच बनवलेलं एक रेझिन, म्हणजे कृत्रिम राळच, आणि ते या द्रवात सहज मिसळतं. मी जवसाचं तेल, अल्किड आणि द्रव यांची सहा मिश्रणं केली आणि घरी येऊन कॅनव्हासच्या सहा तुकड्यांवर, हातमोजे घालून, मामांच्याच रंगांनी पट्टे ओढले. ते तुकडे बाल्कनीजवळ टांगून मी रोज सकाळी बोट लावून पाहायचे आणि वहीत लिहायचे: चिकट, थोडा चिकट, वाळला, सुरकुतला.

मामा आधी लांबून बघत. चौथ्या दिवशी त्यांनी चष्मा लावला आणि लाल पेन्सिल घेतली. सुरकुतलेल्या पट्ट्यावर मोठी फुली मारली. दुसऱ्यावर लिहिलं, ‘फार चकाकतो’. तीन आठवड्यांनी पाचव्या पट्ट्याखाली त्यांनी बरोबरची खूण केली आणि शेजारी शेरा दिला, ‘उत्तम’. शाळेत असताना हा शेरा त्यांनी फार कुणाला दिला नव्हता, हे मला सासूबाईंनी सांगितलं.

तरीही एक धास्ती त्यांना होतीच. “चेहरा जुन्या राळेनें केलेला. तुझें हें लागून तो विरघळला तर?”

“मामा, ज्याला तुमची राळ विरघळवता आली नाही, ते तुमच्या चेहऱ्याला काय करणार?”

ते मोठ्याने हसले. आजारपणानंतरचं त्यांचं ते पहिलं हसणं. तरी कोपऱ्यातल्या अंगठ्याएवढ्या जागेवर आम्ही आधी तपासून पाहिलं. रंग जरासुद्धा हलला नाही.

मग मी अटी घातल्या. वास नाही म्हणून वाफ नाही असं समजायचं नाही. खिडकी उघडी, बाहेर हवा फेकणारा पंखा चालू. तेलाच्या चिंध्या कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या आपोआप तापून पेटतात. पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकायच्या. मामा एकेका अटीला मान हलवत होते. शेवटी सासूबाईंना म्हणाले, “मज आतां परत शाळेंत घातलें हिनें.”

हातांच्या चिरा तोवर भरून आल्या होत्या. पुढच्या शनिवारी आया आल्या. मामांनी निळे हातमोजे घातले, ब्रश घेतला आणि हातांना सुरुवात केली. पहिली दहा मिनिटं मी दारात उभी राहून त्यांच्या बोटांकडे बघत होते. त्या दिवशी खाज आली नाही. त्यानंतरही आली नाही. पाच शनिवारांत हात पुरे झाले: फुगलेल्या शिरा, कढईने भाजल्याचा मनगटावरचा जुना डाग, आखूड नखं.

चित्र लावलं त्या दिवशी मी कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी घेतली. सभागृहात मुलं मांडी घालून बसली होती. चित्रावरचा पडदा बाजूला झाला, आणि जुन्या मुख्याध्यापकांच्या ओळीत नारिंगी साडीतल्या आया दिसल्या. खऱ्या आया उठून जवळ गेल्या. चेहऱ्याकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. बराच वेळ हातांकडे पाहिलं आणि तामिळमध्ये म्हणाल्या, “या हातांचं कुणी चित्र काढेल असं वाटलं नव्हतं.”

मुख्याध्यापिकेने मामांना चार शब्द बोलायला सांगितलं. ते तामिळमध्ये आयांबद्दल बोलले, आणि व्यासपीठावरून उतरायच्या आधी थांबून म्हणाले, “मी हे चित्र अर्धवट टाकलं होतं. माझ्या सुनेने मला रंग परत दिला. ती गिंडीत रंगांची केमिस्ट आहे.”

डब्यातला रंग म्हणाले नाहीत. केमिस्ट म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळी मागे वळून मला शोधू लागली. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. लपावंसं वाटत होतं, पण लपले नाही. हात वर केला.