काचेच्या घरातली वांगी

त्या वर्षी फाल्गुनात मी वांग्याची दोनशे रोपं वाफ्यातच शिजवली.

तेव्हा मी चिखलीला शाळामास्तर होतो. थंड मुलखातल्या शेतीवरचं एक इंग्रजी पुस्तक हाती लागलं. वसंतात भाजीची रोपं काचेच्या घरात वाढवावी, म्हणजे त्यांना ऊब मिळते, असं त्यात होतं. वऱ्हाडात फाल्गुनात ऊब कमी पडते असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. पण पुस्तक इंग्रजी होतं, आणि वर छापलेलं!

माझ्या सासऱ्यांची जळगाव जामोदला विहिरीवरची भाजीची वाडी होती. ‘जावई शिकेल हाये, पण कामाचा नाही,’ हे त्यांचं मत लग्नापासूनचं. ते खोडावं म्हणून मी पत्र धाडलं, की औंदा रोप टाकू नका, माझ्याकडून न्या. त्यांनी (आयुष्यात एकदाच) माझं ऐकलं आणि वाफे रिकामे ठेवले.

अंगणात लाकडी चौकट ठोकली. काच विकत घेणं परवडेना, म्हणून घरातल्या तसबिरींच्या काढल्या. आधी देवांच्या, मग पूर्वजांच्या. तरी एक कमी पडली, तेव्हा सासऱ्यांच्या फोटोची.

“बाबाची काऊन काढली?” बायकोनं विचारलं.

त्यांच्याच रोपांसाठी, असं मी सांगितलं. तिनं फोटो तसाच पुन्हा भिंतीवर टांगला. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

रोपं उगवली, तरारली. मी अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवली. मग ऊन चढलं. गार वारा लागू नये म्हणून झाकण घट्ट ठेवावं, असं पुस्तकात होतं. मी ते घट्ट ठेवून शाळेत गेलो. परत आलो तर दोनशेच्या दोनशे आडवी. घाबरून पाणी घातलं, तर अंगणभर भाजी उकडल्याचा वास सुटला.

“आता मीठ टाकून पाहा,” बायको म्हणाली.

‘रोपं न्यायला येऊ नका’ असं पत्र लिहायला बसलो, तोच वाटेत मुक्काम करत सासरे बैलगाडी घेऊन दारात! गाडीत ओल्या गोणपाटानं झाकलेल्या रिकाम्या टोपल्या. त्यांनी स्वतःच झाकण उघडलं. गरम वाफ तोंडावर आली. उपरण्यानं तोंड पुसत ते म्हणाले, “जावईबापू, वांगं तेलात शिजते हे मले ठाऊक होतं. उन्हात शिजवणारे तुम्ही पयलेच.”

पाणी प्यायला ते घरात आले. समोर त्यांचा बिनकाचेचा फोटो. कुंभारीण माशीनं त्यांच्या नाकावर मातीचं घर बांधलं होतं. जमीन दुभंगली असती तर मी आधी पुस्तक टाकलं असतं, मग उडी.

बाजारातून मिळाली तेवढी रोपं घेऊन ते गेले. बायकोनं त्या काचघरात कुरडया घातल्या. तीन दिवसांचं वाळवण एका दिवसात खडखडीत! ही बातमी तिनं माहेरी कळवली.

पुढच्या फाल्गुनात सासऱ्यांचं कार्ड आलं. लेकीच्या नावानं. ‘काचेचा डबा गाडीवाल्यासंगं धाडून दे, इथं कुरडया घालाच्या हायेत. जावयाले धाडाची जरूर नाही.’