एकदा नको म्हणावं

निकाल लागले की डोंबिवलीतली मेडिकलला प्रवेश मिळालेली मुलंमुली पेढे घेऊन माझ्याकडे येतात. नमस्कार होतो, आणि मग आईबाप म्हणतात, डॉक्टर, चार शब्द सांगा हो. चार कसले, मी चारशे सांगतो. पोरं हळूच घड्याळाकडे बघतात. बघेनात का. आलात ना पायरी चढून, मग आता ऐका.

मी सांगतो, पुढे रेसिडेन्सीला अर्ज करायचाय हे पहिल्या वर्षापासून डोक्यात असू द्या. आमच्या वेळी तिला हाउस-पोस्ट म्हणत. एमबीबीएस झाल्यावर हॉस्पिटलातच राहायचं, एखाद्या मोठ्या मानद डॉक्टरांच्या हाताखाली सहा महिने राबायचं, की त्या विषयाचं दार उघडायचं. सर्जरीची हाउस-पोस्ट नाही तर सर्जन होणं नाही, इतकं सरळ होतं ते. अर्ज छापील असे, त्याला गुणपत्रिकेच्या नकला जोडायच्या. पण खरी निवड व्हायची वॉर्डात. सरांच्या आधी कोण हजर असतो, कोणत्या खाटेवरच्या माणसाची जखम कालच्यापेक्षा लाल दिसतेय हे कोणाला ठाऊक असतं, ते बघून सर माणूस हेरून ठेवत. हे सगळं मी केलं होतं. म्हणून तर अजून जीव जळतो.

आमचे वडील कल्याणच्या एका शाळेत मास्तर होते. आम्ही भावंडं त्यांना अण्णा म्हणत असू. राहायला डोंबिवलीत दोन खोल्या, पलीकडे भाताची खाचरं, रस्त्याला दिवा नाही. घरात शिस्त मात्र अशी की बोलायची सोय नाही. कोणाकडे गेलं आणि समोर बशी आली, तर आधी नको म्हणायचं. यजमानांनी आग्रह केला की पुन्हा नको, आणि तिसऱ्यांदा मग लाजत लाजत हात पुढे करायचा. लहानपणी एका मुंजीत मी पहिल्याच हाकेला जिलबी घेतली, तर घरी येताना अण्णांनी कान पिळला होता. ‘एकदा तरी नको म्हणावं. हावरटासारखं काय करतोस?’ असं म्हणाले होते. आमच्या ओळखीची सगळी घरं अशीच. ज्याला बोलावलंय तो नको म्हणणार, बोलावणारा आग्रह करणार, दोघांनाही ते पाठ. त्यामुळे कोणी उपाशी उठला असं कधी झालं नाही.

स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा मी एमबीबीएस झालो. मुंबईच्या त्या हॉस्पिटलात आमचे सर्जरीचे सर पारशी होते. माणूस कमी बोलणारा, टाके घालायला लागला की बघत राहावं असा. त्यांच्या युनिटात एकच जागा होती, आणि ती मला हवी होती. हवी म्हणजे किती, तर त्या दिवसांत मी जेवताना ताटाखालच्या पाटाला दोऱ्याच्या गाठी मारायचा सराव करत बसे. आई वैतागायची.

एका सकाळी राउंड चालू असताना सर माझ्याकडे वळले. मागे आम्ही सात-आठ जण, सिस्टर, सगळे उभे. त्यांनी इंग्रजीत विचारलं, माझ्याकडे हाउस-पोस्ट करणार का? आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडावं?

‘नको सर. माझ्यापेक्षा हुशार मुलं आहेत.’

मी खाली मान घालून उभा राहिलो आणि वाट बघू लागलो. आता ते म्हणतील, अरे असं काय, मला तूच हवास. दुसऱ्यांदा मी म्हणणार, तुम्ही म्हणत असाल तर बघतो. सगळं मनात तयार होतं. सर म्हणाले, ‘बरं.’ आणि पुढच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं पांघरूण त्यांनी वर केलं. माझ्याबरोबरच्या एकाला त्यांनी तिथेच विचारलं. सरांचा प्रश्न संपायच्या आत तो हो म्हणाला.

लक्ष्मी टिळा लावायला आली आणि मी तोंड धुवायला गेलो, दुसरं काय! त्या मुलाचा मला राग नाही, तो चांगला सर्जन झाला. सरांचाही नाही. त्यांच्या घरी नको म्हणजे नको असेल. राउंड संपल्यावर त्यांच्या मागे धावत जाऊन सांगता आलं असतं की सर, मला हवी आहे, मी उगाच बोललो. चांगला तासभर ते वॉर्डाशेजारच्या खोलीत चहा पीत होते. मी दाराबाहेर उभा राहिलो आणि परत फिरलो. मागून घ्यायचं म्हणजे काय, असं वाटलं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याचं दुसरं काय होणार?

याहून वाईट काम मी त्या संध्याकाळी केलं. अण्णा पायरीवर वाटच बघत होते. जागेचं काय झालं म्हणून विचारलं. नको म्हणालो हे सांगायची लाज वाटली, म्हणून मी म्हणालो, मिळाली नाही. दुसऱ्याला दिली. अण्णांनी विचारलं, तुझ्यापेक्षा मार्क जास्त होते का त्याला? मी म्हणालो, नाही. एवढंच म्हणालो. बाकीचं त्यांचं त्यांनी जुळवलं. वशिला! दुसऱ्या दिवशी शाळेत, मग वाण्याकडे, मग देवळात, सगळीकडे ते सांगत सुटले की आपल्या मुलाची जागा वशिल्यावर पळवली. मी मूग गिळून बसलो. आपलं खोटं आपणच बोलावं लागतं असं नाही, गप्प बसलं तरी भागतं.

पुढे मी डोंबिवलीतच दवाखाना थाटला. मिक्स्चरच्या बाटल्या, त्यांना डोसाच्या खुणांची चिकटवलेली कागदी पट्टी, ताप, खोकला, जुलाब. मानपाड्याकडचे शेतकरी बैलगाडीतून बायकामुलांना घेऊन येत. गळू कापणं, बोटात गेलेला काटा काढणं, एवढीच माझी सर्जरी. लोक मानत होते, घर चालत होतं. वाईट होतं असं म्हणता येणार नाही, पण सुरी हातात धरली की मला त्या पारशी सरांची बोटं आठवायची, आणि दिवसभर कशात मन लागायचं नाही.

चार-पाच वर्षांनी अण्णांना अंतर्गळ झाला. म्हणजे हर्निया. जांघेत लिंबाएवढी गाठ, आडवं झालं की आत जायची. मी तपासलं आणि म्हणालो, अण्णा, ऑपरेशन करून टाकू. साधं असतं, आठ-दहा दिवसांत घरी याल. मुंबईला आमच्याच हॉस्पिटलात नेतो.

अण्णा ठाम नाही म्हणाले. ‘वशिल्यानं सर्जन झालेल्यांच्या सुरीखाली मी झोपायचा नाही. तू सर्जन झाला असतास तर डोळे मिटून झोपलो असतो.’

मी पुष्कळ समजावलं. सगळे तसे नसतात, असं सांगितलं. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं घाबरवलंही. फक्त एक वाक्य बोललो नाही. ते बोललो असतो तर त्यांचा सगळा हेका तिथेच ढासळला असता. पण इतक्या वर्षांनी कुठे तोंड उघडायचं, असं वाटे. अण्णा दोन वर्षं पट्टा बांधून हिंडले, शाळेत उभ्यानं शिकवलं. दर महिन्याला मी विषय काढायचा आणि त्यांनी तो मोडायचा.

एका सकाळी शाळेत जायला निघताना ते उंबऱ्यातच खाली बसले. गाठ दगडासारखी घट्ट, आत जाईना, उलट्या सुरू. हात लावताच मला कळलं, आतडं अडकलंय. आई म्हणाली, तूच काही कर ना रे. काय करणार होतो? काय करायला हवं ते सगळं पुस्तकातल्या पानासकट डोळ्यांपुढे होतं, आणि हातांनी ते कधी केलेलं नव्हतं. स्टेशनमास्तरांनी गाडीचा सामानाचा डबा मोकळा करून दिला. खाटेसकट अण्णांना आत ठेवलं आणि ठाण्याला निघालो. डब्यात आम्ही दोघंच होतो.

मुंब्र्याच्या पुढे त्यांची कळ जरा कमी झाली. अशा दुखण्यात कळ अचानक कमी होणं चांगलं नसतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, त्या तुझ्या सरांनी तुझं वाटोळं केलं बघ.

तेव्हा मला राहवेना. मी म्हणालो, ‘अण्णा, सरांनी ती जागा मलाच देऊ केली होती. सगळ्यांसमोर विचारलं होतं. मीच नको म्हणालो.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, ‘का रे?’

याचं उत्तर मला येत होतं. त्या अवस्थेत ते त्यांना कसं सांगणार होतो? मी खिडकीबाहेर खाडीकडे बघत बसलो. अण्णांनी पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळानं त्यांनीच डोळे मिटून घेतले. त्यांना उत्तर सापडलं असावं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

ठाण्याच्या इस्पितळात लगेच ऑपरेशन झालं. हातभर आतडं काळं पडलेलं निघालं. तिथले सर्जन माझ्याच वयाचे, शांतपणे आणि नीट काम करणारे. दुसऱ्या दिवशी अण्णा शुद्धीवर असताना ते खाटेशी आले आणि मला म्हणाले, दोन वर्षांचा हर्निया, तुम्ही स्वतः डॉक्टर, थांबलात कसे इतके दिवस? आवाज चढवला नव्हता, पण वॉर्डातली माणसं बघायला लागली.

अण्णांनी उशीवरून मान वळवली. आवाज फुटत नव्हता, तरी म्हणाले, ‘त्याला बोलू नका डॉक्टर. तो सारखा सांगत होता. चूक माझी आहे.’

सर्जन मान हलवून पुढे गेले. नाही, चूक माझी आहे, एवढं म्हणायला मला त्यांच्या मागे चार पावलं जायचं होतं. मी खाटेशी उभाच राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गेले.